खांद्याचं माप

प्रिय रोस्दी,

तुझं पार्सल बुधवारी मिळालं. पोस्टाची चिठ्ठी आली होती, म्हणून बसने दुंगुनला जाऊन सोडवून आणलं. जायचे-यायचे तीन रिंगिट आणि बुटांवर जकात अकरा. आत होतं ते असं: रोहैदासाठी पांढऱ्या बुटांचा जोड, मधाच्या दोन बाटल्या, माझ्यासाठी लोकरीचा स्वेटर, चॉकलेटचा डबा आणि पत्र. एका बाटलीचं झाकण सैल होतं, थोडा मध स्वेटरने प्यायला. धुऊन दोरीवर टाकला तर शेजारची माक सू कुंपणावरून ओरडते, "काय गं एसाह, बर्फ पडणार असं सांगितलं का रेडिओवर?" म्हटलं, पडलाच तर माझी तयारी आहे, तू बस कुडकुडत. पार्सलवरच्या तिकिटांची बेरीज मी पोस्टातल्या कारकुनाकडून रिंगिटमध्ये करून घेतली. आकडा लिहीत नाही, नाहीतर तुला वाटेल माक रागावली. पुन्हा एवढा खर्च करू नकोस, एवढंच. मध चांगला आहे. घसा धरला की कोमट पाण्यातून घेते.

बूट रोहैदाला असे बसले की जणू दुकानात पाय घालून घेतलेत. मला नवल वाटलं, तू गेलास तेव्हा ती वसतिगृहात होती, केवढीशी होती. मग हसत सुटली. कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि तो कागद तुला पाठवला म्हणे, मला न सांगता. तुझ्या वडिलांची आठवण झाली. आयाह होड्यांची मापं सुतळीने घ्यायचे. कुणी मीटर-फुटात विचारलं तर खिशातून गाठी मारलेली सुतळी काढून पुढे करायचे, आकडे लिहून घ्यायला गेलं की माझी गडबड होते म्हणायचे. त्यांनी केलेली होडी कधी एका अंगाला कलली नाही. त्यांची शेवटची सुतळी अजून खिळ्याला आहे. कशाची आहे ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण मी काढत नाही.

रोहैदाच्या लग्नाचं सांगते. बकरी ईदनंतर, ती शिकवते त्या शाळेच्या सुट्टीत धरलंय. अझ्मानकडचे दोनदा येऊन गेले. मुलगा शांत आहे, जंगलखात्यात कारकून आहे, बोलताना आधी ऐकून घेतो. त्याची आई, हाजा किलसोम, तिच्या वाट्याचंही आणि त्याच्याही वाट्याचं बोलते. पहिल्या भेटीत माझ्या घराचं छप्पर, विहीर, अंगणातली नारळाची झाडं सगळं डोळ्यांनी मोजून झालं तिचं. दुसऱ्या भेटीत तुझ्यावर आली. "थोरला येणार ना? आमच्याकडची पोरं टपलीत बघायला. न्यूझीलंडहून काय घेऊन येतोय, मेंढी की मेम?" बायका हसल्या, मीही हसले. म्हटलं, मेंढी आणली तर बरी, कापता तरी येईल. गाय बोलून ठेवली आहे, कांदे सोलायला माक सूची सगळी टोळी येणार. कापडही आणलं. रीतीप्रमाणे सगळ्या घराला एकच रंग. रोहैदाला गुलाबी हवा होता. तुझे पाक लोंग म्हणाले, "मी गुलाबी घालून मशिदीत गेलो तर इमाम नमाज विसरेल." आयाह गेल्यापासून घरातलं मोठं माणूस म्हणजे हे त्यांचे थोरले भाऊच, त्यामुळे गुलाबी गेला. दुपारी बेटाच्या बाजूला समुद्र दिसतो तो रंग ठरला. अख्खं ठाण घेतलं म्हणून दुकानदाराने भाव उतरवला. शिवते मीच. पाक लोंगांचा सदरा झाला, माझा झाला, चुलत भावंडांचे बेतून ठेवलेत. मशीन जरा कुरकुरतं, माझ्या गुडघ्यांसारखंच.

आता फॉर्मचं. काझीच्या कार्यालयाचा फॉर्म रोहैदाने स्वतःच भरला, मी काही बोलायच्या आत. शाळेतून परस्पर गेली आणि देऊन आली, येताना तळलेली केळी घेऊन आली, खुशीत. वली या रकान्यात तिने तुझं नाव लिहिलं. आयाह नाहीत, आजोबा नाहीत, मग तिला निकाहात देणारा भाऊच, यात तिला विचार करण्यासारखं काय होतं? तुझ्या ओळखपत्राच्या कार्डाचा नंबर तिला लहानपणापासून पाठ आहे. खाली वलीचा धर्म विचारलेला असतो. तोही तिने भरला. केळी ताटलीत काढता काढता मला सांगत होती आणि मी हातातला झारा तसाच धरून उभी होते. नंतर तिने तुला फोन लावला. फोन ओटीवर, तिचा आवाज तो असा. "आबांग, मला तू द्यायचंस हं, दुसरं कुणी दिलेलं मला चालणार नाही." पलीकडून तू काय म्हणालास ते मला तिच्या तोंडावरून कळलं. ती तेवढी हसली ती आयाह गेल्यानंतर पहिल्यांदाच.

पार्सलातल्या पत्रात तू मला वेगळं लिहिलंस. तिकीट राखून ठेवलंय, या महिनाअखेर पैसे भरायचे. आणि खाली, "माक, काळजी करू नकोस. काझी जे म्हणायला सांगेल ते म्हणेन. दोन-तीन वाक्यं तर आहेत. माझ्या धाकट्या आदिकसाठी म्हणेन." हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. पत्र घडी करून कुराणाच्या कपाटात ठेवायला गेले, मग तिथून काढून शिवणाच्या डब्यात ठेवलं. तू काय देऊ केलंयस ते मला कळतं, रोस्दी. म्हणूनच फोनवर न बोलता लिहायला बसलेय. रोहैदा शाळेत गेली आहे, दुपारच्या नमाजाला अवकाश आहे. हे पत्रही मी दुंगुनच्या पोस्टातच टाकणार. आपल्या गावचा टपालवाला पत्ता मोठ्याने वाचतो.

लग्नाआधी रोहैदा पूर्ण कुराण वाचून संपवते आहे, बायकांसमोर शेवटचा भाग वाचायचा असतो म्हणून. रोज पहाटे फज्रच्या नमाजानंतर बसते. मी स्वयंपाकघरातून ऐकते. ती ज्या ठिकाणी श्वास घेते त्याच ठिकाणी तू घ्यायचास. कुराण शिकवणाऱ्या त्या उस्तानीकडे तिला पाठवलं होतं ती रडून परत आली, मग तूच शिकवलंस. नारळाच्या पानाची शीर सोलून, टोक जाळून कठीण करून, अक्षरावर ठेवायचास, आणि ती चुकली की शिरेने स्वतःच्याच गुडघ्यावर मारून घ्यायचास, म्हणजे तिला वाईट वाटून ती नीट वाचेल. ती शीर तिने अजून ठेवली आहे. काळी पडली आहे. आजही अक्षरावर तीच ठेवते. मला वाटतं माझ्या घरात कुराणाचा जो आवाज राहिला आहे तो तुझाच आहे, आणि हे मी कुणाला सांगू? पाक लोंगांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, एसाह, उन्हात फार बसू नकोस.

तुझ्या कार्डाची गोष्ट आपण दोघांनी कधी बोलून काढली नाही. मी मॅट्रिक झालेली बाई, मला वाचता-लिहिता येतं, पण तू राजधानीहून केलेला तो फोन मला पहिल्यांदा समजलाच नाही. तू म्हणालास, "माक, मी कोर्टात अर्ज दिलाय. कार्डावर जो शब्द आहे तो आता माझ्याबाबतीत खरा नाही, म्हणून काढून टाका असा." मी विचारलं, पत्ता बदललास का?  तू म्हणालास, "पत्ता तोच आहे." तुला कुणी विचारलं नव्हतं. तू नमाजाला जात नव्हतास हे तिथे कुणाला ठाऊक होतं? तुझ्यासारखे किती असतील, ते तो 'इस्लाम' शब्द कार्डावर तसाच ठेवून जगतात, ईदला घरी येतात, पोटभर जेवतात. तू मात्र कोर्टाच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, हे चुकीचं लिहिलंय, दुरुस्त करा. आयाहचा मुलगा. होडीच्या फळीत चीर असली तर गिऱ्हाइकाला स्वतःच दाखवायचे. मी तेव्हा तुझ्यावर फार चिडले होते. कशावर चिडले होते ते अजून नीट सांगता येत नाही, अल्लाहला सोडलंस त्यावर की खिडकीपाशी जाऊन सांगितलंस त्यावर.

कोर्टाने अर्ज बाजूला ठेवला आणि तुला धर्मखात्याच्या केंद्रात पाठवलं. समज येईपर्यंत, असा शब्द होता. गावात मी सांगितलं, कामाच्या शिक्षणाला गेलाय. पाक लोंग माझ्याबरोबर यायचे, रात्रभर बसमध्ये तसबीहची माळ ओढत बसायचे. दाराशी पहारेकरी माझा डबा उघडून बघायचे, भातात चमचा घालून. तिथला तरुण उस्ताज चांगला होता, मला माकचिक म्हणायचा, बसायला खुर्ची द्यायचा. "आम्ही कुणाला हात लावत नाही, माकचिक. नुसतं समजावतो." मी म्हटलं, बाळा, हा लहानपणी भेंडी खायचा नाही, त्याला मी सात वर्षं समजावलं होतं. तो हसला आणि लगेच गंभीर झाला, हसणं चुकलं असं वाटलं असेल. तू समोर बसायचास, सगळ्यांसारखा करडा सदरा, दाढी वाढवायला लावलेली. आपण मिरच्यांबद्दल बोलायचो. तुम्हाला मागच्या वाफ्यात मिरच्या लावायला दिल्या होत्या, आणि तू म्हणायचास, "माक, मिरच्या छान आल्यात." दर वेळी तेच. शेजारच्या बाकावर एक बाई बसायची, तिचा नवरा दुसऱ्या धर्माचा, ते लग्न मोडीत काढलं होतं आणि मूल तिच्या आईबापांकडे दिलं होतं. आईबाप भेटायला यायचे, मूल आणायचे नाहीत. ती त्यांना मुलाच्या दातांबद्दल विचारायची, किती आले, कुठले आले. मी डबा बंद करत असताना तिच्याकडे बघायची नाही. बघितलं असतं तर तिच्या जवळ जाऊन बसले असते, आणि मग पाक लोंगांना काय सांगितलं असतं?

मुदत संपली की ते वाढवायचे. मग एका खेपेस उस्ताज दाराशीच पुढे आला, आनंदाने फुललेला. "माकचिक, तुमचा मुलगा परत आला." तू सगळ्यांसमोर कलमा म्हटला होतास. शिक्का मारलेला कागद दिला. पाक लोंग तिथेच भिंतीला टेकून रडले, त्या माणसाला मी आयाहच्या मयतीलाही रडताना पाहिलं नव्हतं. मी तुझ्याकडे पाहिलं आणि तू माझ्या हातातल्या डब्याकडे पाहत होतास. त्यानंतर काही महिन्यांतच तू न्यूझीलंडला गेलास, होड्या रंगवायच्या कामावर. तिथून तुझं पहिलं पत्र आलं. वर सलाम नव्हता. नुसतं "प्रिय माक." तू लहानपणी शाळेतल्या निबंधावरही सलाम लिहायचास, मास्तर खोडायचे. मी ते पत्र हातात घेऊन उभी राहिले आणि मला कळलं. माझ्याशी खोटं लिहायला नको म्हणून तू तो लिहिला नाहीस. तिथे म्हणालास, कारण बाहेर पडायचं होतं. माझ्या पत्रात नाही. तेव्हापासून मीही तुला "प्रिय रोस्दी" लिहिते. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. नमाजानंतर हात वर करते तेव्हा तुझं नाव पहिलं घेते, ते माझ्याकडचं आहे, त्यात तू पडू नकोस.

इथल्या धर्मखात्याचा एक माणूस दरवर्षी रमजानच्या आधी येतो. चौकशी म्हणतो. चहा घेतो, मासळीचे कुरकुरीत काप घेतो, मग वही काढतो. "रोस्दी तिकडे रोजे धरतो ना? कुठल्या मशिदीत जातो?" मी म्हणते, बाबा, ते एवढं लांब, मला इथून काय दिसतंय? खोटं बोलत नाही मी. दिसत नाहीच. तो लिहितो, घाम पुसतो, कापांची पिशवी घेऊन जातो. त्याच्यावर राग येत नाही, त्यालाही घरी मुलं आहेत. पण तो गेला की मी तो कप दोनदा घासते आणि मग दिवसभर काही करावंसं वाटत नाही. थकल्यासारखं होतं. पूर्वी त्याच्या आधी घर झाडून ठेवायची, आता तेवढंही करत नाही.

मागच्या जुम्म्याला पाक लोंग आले. सदरा घालून बघायला म्हणून आले, पण तो बगलेत तसाच दाबून उभे राहिले. रोहैदा घरात नाही ना, आधी तेच विचारलं. मग म्हणाले, "पोरगा येतोय म्हणे." मी हो म्हटलं. "आणि वली म्हणून बसणार?" मी म्हटलं, फॉर्मवर तसं आहे. तेव्हा ते खाली बसले. म्हणाले, "एसाह, मी म्हातारा आहे, मूर्ख नाही. शिक्क्याचा कागद मीही पाहिला आणि त्यानंतर त्याचं तोंडही पाहिलं. इतकी वर्षं मी तोंड उघडलं नाही, ते आपल्या घराच्या नावासाठी आणि त्या पोरासाठी. पण काझी निकाहाच्या आधी वलीला कलमा म्हणायला लावतो. तो म्हणेल. मी तिथे बसलेला असेन. जो मनातून मुसलमान नाही त्याने दिलेली मुलगी दिलेली होत नाही, हे मला ठाऊक असताना मी साक्षीला गप्प बसलो, तर ती पोर जन्मभर नवऱ्याबरोबर राहील ते कसं? मला उठावं लागेल, एसाह. अल्लाहला काय तोंड दाखवू?" आणि उठले तर? मग कार्यालयातले लोक येतील, लग्न तिथेच मोडेल, आणि तुझं राजधानीतलं प्रकरण पुन्हा निघेल. एकदा परत आलेला पुन्हा गेला, अशांना नुसतं समजावत नाहीत म्हणे. पाक लोंगांनी ते कुठेतरी विचारून ठेवलं होतं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. हे सांगताना ते त्या निळ्या सदऱ्याची घडी मोडत होते, पुन्हा घालत होते. मी त्यांना पाणी दिलं. त्यांच्यावर रागावता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण रोस्दी, मीही तेच मानते. निकाह लोकांना लागलेला दिसेल, गाय कापली जाईल, हाजा किलसोम गोड बोलेल, आणि माझी मुलगी लग्नाशिवाय सासरी जाईल. हे ओझं मी तिच्या डोक्यावर तिला न सांगता ठेवू शकत नाही.

मग वाट पाक लोंगांनीच काढली. वली फार दूर, प्रवासाच्या पल्ल्यापलीकडे असेल आणि त्याला येता येत नसेल, तर काझीच मुलीला देतो, तशी कायद्यात सोय आहे. त्यासाठी तुझं एक पत्र लागेल, येता येत नाही एवढंच. त्यात तू कोण, काय मानतोस, काहीही नको. आणि कागदापुरतं ते झालं की निकाहाच्या आधी पाक लोंग काझीच्या कानाशी लागून म्हणणार, "माझ्यातर्फेही दे." कारण भाऊ मोजायचा नसेल तर हक्काने वली तेच. मी विचारलं, काझी म्हणेल, हे काय मध्येच? तर म्हणाले, "म्हणेन, म्हातारा आहे, खात्री करून घेतो. म्हाताऱ्यांना लोक वेडं समजतात ते कधीतरी उपयोगी पडू दे." मग कित्येक दिवसांनी आम्ही दोघं हसलो. जाताना सदरा घालून दाखवला. पोटावर घट्ट होतोय, उसवून देते म्हटलं. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडे थंडी असते ना रे फार?" जणू तूच समोर होतास.

रोहैदाला काही माहीत नाही. तिच्या लेखी अजूनही तू तेव्हा कामाच्या शिक्षणालाच गेला होतास. सांगायचं तर आजही सांगेन, पण सांगितलं की तिला ते अझ्मानपासून लपवावं लागेल, आणि लपवलेलं घेऊन घर सुरू करायचं कसं असतं ते मला ठाऊक आहे, मी इतकी वर्षं तेच करते आहे. ती तुझ्यावर रागावेल. तुझ्यासाठी तिने बसायची गादीसुद्धा ठरवून ठेवली आहे, कुठल्या रंगाची, कुठे घालायची. म्हणेल, परदेशात गेला की माणूस असाच होतो. हाजा किलसोम तर काय काय म्हणेल. तो राग तू तुझ्यावर घे. तिला कारण देऊ नकोस, रजा मिळाली नाही, आजारी आहे, असलं काही लिहू नकोस. नुसतं लिही की येता येत नाही. ते खरंच आहे ना? तुला येता येतच नाही.

तर बाळा, तू येऊ नकोस. हे लिहायला आज बसले आणि बुटांपासून गायीपर्यंत सगळं लिहून झालं तरी हे राहत होतं. महिनाअखेरच्या आत तिकीट सोडून दे, पैसे बुडत असतील तर बुडू देत, मला कळव, मी पाठवते. आमच्यासाठी ते शब्द पुन्हा म्हणू नकोस. एकदा म्हणावे लागले ते म्हणालास, ते तुझं आणि अल्लाहचं. पण त्या शब्दांना तू किती मोठं मानतोस ते मला माहीत आहे, नाहीतर त्या खिडकीपाशी गेलाच नसतास. मीही तेवढंच मानते. तुला ते खोटे म्हणायला लावून माझ्या मुलीचं लग्न मला नको, आणि तुला त्या करड्या सदऱ्यात पुन्हा पाहायचं नाही. आता एक काम. तुझ्या वाटणीचं कापड मी फाडून बाजूला ठेवलं आहे. घरातल्या सगळ्यांचा एक रंग आहे, तुझाही होईल. पण तू गेलास तेव्हाचं माप माझ्याजवळ आहे, इतकी वर्षं होड्यांवर काम करून खांदे भरले असतील, अंदाजाने कातरी चालवायला मन होत नाही. सुतळी घे, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत धर, गाठ मार. दुसरी गाठ हाताच्या लांबीला, तिसरी छातीला. आकडे लिहू नकोस. सुतळीच पाकिटात घाल, काझीसाठी आणि रोहैदासाठी लिहिशील त्या पत्रांबरोबर, आणि उलट टपालाने पाठव. लग्नाच्या दिवशी तो सदरा घालून तिकडे कुठल्याही पाण्याकाठी उभा राहा, एवढंच.

तुझीच,
माक